मरणाची भीती वाटते तेव्हा काय करायचं

रात्री अडीचच्या सुमारास जाग येते. घर शांत असतं, कशाचंही निमित्त नसतं आणि तो विचार येतो: एक दिवस मी नसेन. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, अंथरुणात पडून राहवत नाही. ज्यांना असं कधी झालेलं नाही त्यांना हे समजावून सांगणं कठीण असतं. "अरे, सगळेच जाणार आहेत एक दिवस," असं ते म्हणतात. ते खरंही असतं, पण त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

माझी मावसबहीण माझ्याच वयाची होती. साध्या वाटणाऱ्या आजाराने ती आठवड्याभरात गेली. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष माझं बोट मनगटावरून हललं नाही. बसमध्ये, जेवताना, कोणाशी बोलत असताना, मी आपली नाडी मोजत असायचे. रात्री नवऱ्याला उठवायचे. "अरे, बघ ना जरा, मधेच एक ठोका चुकतोय." तो अर्धवट झोपेत माझं मनगट धरायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे गं, झोप." तेवढ्यावर मला दहा मिनिटं शांत वाटायचं. मग बोट पुन्हा मनगटावर. पुढे पुढे ती दहा मिनिटं पाचावर आली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ज्याला औषध समजत होते तेच भीतीला खाऊपिऊ घालत होतं.

या लेखात मला हेच सांगायचं आहे. मरणाचा विचार कोणालाच चुकलेला नाही. त्रास होतो तो त्या विचारापासून पळण्यासाठी आपण जे करतो त्याने. पुढे जे लिहिलं आहे त्याचा क्रम मुद्दाम ठेवला आहे. आधी झटका सांभाळायचा, मग भीती नीट ओळखायची, मग पळणं थांबवायचं.

आधी ती रात्र निभावून नेऊ

भीतीच्या झटक्यात शरीरात काय होतं हे माहीत असलं की निम्मं ओझं उतरतं. मेंदूला धोका जाणवला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धडधडतं आणि श्वास भरभर होतो. भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, सगळं खोटं खोटं वाटायला लागतं, ते त्यामुळे. आपण नेमकी हीच लक्षणं "आता मी जाणार" याचा पुरावा समजतो, मग भीती वाढते आणि तिच्यामागे लक्षणंही वाढतात. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरायला लागतो. तुम्ही काहीही केलं नाहीत तरी तो ओसरतो.

उठून बसा आणि पाय जमिनीला टेकवा. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा किंवा सात मोजत सावकाश सोडा. श्वास खोल ओढण्यापेक्षा सोडताना लांबवणं महत्त्वाचं आहे. पाचेक मिनिटं एवढंच करा. मनात किंवा पुटपुटत म्हणा: "मला मरणाचा विचार आला आहे. मी मरत नाहीये." वाक्य बाळबोध आहे, पण विचार येणं आणि घटना घडणं यांतला फरक त्या वेळी मेंदूला असाच सांगावा लागतो.

वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडा. मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करा, कपड्यांच्या घड्या घाला, एखादा ड्रॉवर आवरा. फोन हातात घेऊ नका. रात्री तीन वाजता लक्षणं गूगलवर शोधून आजवर कोणाला शांत झोप लागलेली मी पाहिलेली नाही. जीवनमरणाच्या मोठ्या प्रश्नांची उत्तरंही त्या वेळी शोधू नका. थकलेलं मन त्या वेळी प्रत्येक प्रश्नाचं सर्वांत वाईट उत्तर काढतं. मन चिंती ते वैरी न चिंती, तशातली गत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. छातीवर दाब आल्यासारखं दुखणं, ते हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, दरदरून घाम, श्रमाने वाढणारी धाप, शुद्ध हरपणं, यांपैकी काही झालं तर "ही भीतीच असेल" असं स्वतःशी ठरवून बसू नका, ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या. असे झटके पहिल्यांदाच येऊ लागले असतील तर एकदा डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असेल किंवा हृदयाच्या लयीत बिघाड असेल तरी अशी धडधड होते. तपासणी एकदा, व्यवस्थित करा. सगळं ठीक आलं की तीच तपासणी पुन्हा पुन्हा करायची नाही. का, ते पुढे येईलच.

कशाची भीती वाटते ते कागदावर उतरवा

"मरणाची भीती" हे एका गाठोड्याचं नाव आहे. ते उघडून बघितल्याशिवाय काय करायचं ते कळत नाही. दिवसाउजेडी कागद घ्या, वर लिहा, "मी मरणार म्हणजे…" आणि हे वाक्य दहा वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने पूर्ण करा. पहिली तीन-चार उत्तरं ठरावीक येतील. सातव्या-आठव्यापासून खरं बोलणं सुरू होतं. माझ्या कागदावर आठव्या ओळीला आलं होतं, "म्हणजे माझ्याविना घर सुरळीत चालेल." मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले होते. भीती नाडीच्या ठोक्यात नव्हती, इथे होती.

बहुतेकांची उत्तरं चार-पाच ढिगांत पडतात, आणि प्रत्येक ढिगावरचा उपाय वेगळा असतो.

काहींना मरणापेक्षा मरताना होणाऱ्या वेदनांची भीती वाटते. या भीतीवर माहितीचा खरोखर उपयोग होतो. १९६७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणारं केंद्र, सुरू केलं, तिथून आधुनिक वेदनाशामक सेवेचा पाया घातला गेला. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी औषध द्यायचं, आणि दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, नात्यांचं, श्रद्धेचंही असतं हे धरून उपचार करायचे, हा त्यांचा आग्रह होता. या सेवेला आज पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. दीर्घ आजारात शेवटच्या दिवसांत माणूस बहुधा जास्त झोपतो, भूक-तहान कमी होते, श्वासाची लय बदलते, मधे थांबते, पुन्हा सुरू होते. घशात होणारी घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण त्या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीत नसतो आणि त्याला तिचा त्रास जाणवत नाही, असं या क्षेत्रातले डॉक्टर सांगतात. मात्र ही सेवा आपोआप मिळेल असं गृहीत धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात तिची गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंतच ती पोचते. आपल्या जवळपास ती कुठे मिळते, घरी येऊन सेवा देणारं पथक आहे का, एवढं निरोगी असतानाच विचारून ठेवा.

काहींना "नसण्याची" भीती वाटते. अंधार, कायमचं बंद होणं. इथे कागदपत्रं आणि डॉक्टर कामाला येत नाहीत. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ. स. पू. ३४१ ते २७०) म्हणायचा की आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग त्याचा त्रास कोणाला? युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तरीही पहिल्यांदा ऐकल्यावर पोटातला गोळा जात नाही. माझ्या मते त्याचा उपयोग एकाच ठिकाणी होतो. "नसणं" डोळ्यांसमोर आणताना आपण चोरून स्वतःला तिथे बसवतो. अंधारात पडलेली, एकटी, सगळं जाणवणारी मी. पण जाणवणारं कोणी असेल तर ते नसणं नव्हे. हे चित्र मनात आलं की "यात मी अजून जागीच आहे" एवढं स्वतःच्या लक्षात आणून द्या. जन्माआधीच्या काळाचा विचारही असाच करून बघा. तो काळ किती मोठा होता, आणि त्याचा आपल्याला काही त्रास झाल्याचं आठवत नाही. कोणाला या विचाराने खोल शांती मिळते, कोणाला काहीच होत नाही. दोन्ही चालतं.

मरणानंतरच्या शिक्षेची भीती असेल तर ती मनात कोंडू नका. तुमच्या श्रद्धेतल्या एखाद्या समंजस, दयाळू जाणत्या माणसाशी बोला. श्रद्धा नसेल तर रात्री घाबरून ती उसनी आणू नका, सकाळी ती टिकत नाही.

आणि काहींची भीती स्वतःच्या मरणाची नसतेच. आई-वडील, जोडीदार, मुलं यांच्या मरणाची असते, किंवा आपल्यामागे त्यांचं काय होईल याची असते. हिच्याविषयी पुढे बोलू, कारण हिच्यावर हातपाय हलवून करण्यासारखं बरंच आहे.

पळवाटांची यादी करा, आणि एक बंद करा

मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. नंतर "आता खुशाल विचार करा" म्हटल्यावर या लोकांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. "मरणाचा विचार करायचा नाही" असं ठरवणाऱ्याची गत याहून वेगळी होत नाही.

विचार दाबणं ही एक पळवाट झाली. बाकीच्या आठवडाभर टिपून ठेवा. नाडी बघणं, रक्तदाब दिवसातून पाचदा मोजणं, गाठ आहे का म्हणून चाचपणं, घरच्यांना "मला काही होणार नाही ना?" विचारणं, आजारी नातेवाइकाला भेटायला न जाणं, मृत्यूची बातमी आली की चॅनेल बदलणं, झोप येईपर्यंत स्क्रीनसमोर बसणं, दारू घेणं. दारूने क्षणभर शांत वाटतं, पण झोप मोडते आणि ती उतरताना बेचैनी दुपटीने परत येते, म्हणून ती या यादीत सगळ्यात वर.

आता यातली एकच, त्यातल्या त्यात सोपी, निवडा. ती एकदम तोडणं जमत नसेल तर पुढे ढकला. नाडी बघावीशी वाटली की दहा मिनिटं थांबा. पुढच्या आठवड्यात वीस. थांबण्याच्या या वेळात अस्वस्थता चढते, एका टोकाला जाते आणि नाडी न बघताच उतरते. हे तुमच्या शरीराला एकदा अनुभवाने कळलं की पुढचं काम सोपं होतं. वाचून ते कळत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा, मीही आधी नुसतं वाचूनच बघितलं होतं.

घरच्यांनाही यात सामील करून घ्या. आम्ही दोघांनी एक वाक्य ठरवलं. मी विचारलं की नवरा "ठीक आहे" म्हणायचा नाही, तो म्हणायचा, "हा तुझा भीतीचा प्रश्न आहे ना? मी इथे बसतो, पण उत्तर देणार नाही." पहिल्या रात्री मला त्याचा भयंकर राग आला. तिसऱ्या आठवड्यात माझं विचारणं कमी झालं. घरच्यांसाठी महत्त्वाचं एवढंच की जवळ बसणं सोडायचं नाही, फक्त हमी द्यायची थांबवायची. आणि हे दोघांनी शांत वेळी ठरवलेलं असावं, झटक्याच्या मध्यावर अचानक नको.

जिन्याने उतरा

पळणं थांबलं की उलट दिशेने, भीतीच्या जवळ, हळूहळू जायचं. २०१८ मध्ये मरणाच्या भीतीवरील मानसिक उपचारांच्या १५ नियंत्रित चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा, म्हणजे सीबीटीचा, परिणाम उठून दिसला. भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं हा या पद्धतीचा मोठा भाग आहे.

शून्य ते दहा अशी पट्टी आखा आणि मरणाशी जोडलेल्या गोष्टींना गुण द्या. "मृत्यू" हा शब्द मोठ्याने उच्चारणं कोणासाठी दोन असेल, वर्तमानपत्रातला मृत्युलेख वाचणं तीन, गेलेल्या माणसाचे फोटो काढून बघणं पाच, अंत्यसंस्काराला शेवटपर्यंत थांबणं सात. तीनच्या आसपास सुरुवात करा. रोज तीच गोष्ट करा, भीती निदान निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबा. मधेच पळून आलात तर पळण्याचाच सराव होतो. ती कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची पायरी.

वरच्या पायऱ्यांपैकी एक लिखाणाची आहे. तुम्हाला ज्या मरणाची भीती वाटते ते वर्तमानकाळात, बारकाव्यांसकट, पानभर लिहा आणि रोज वीस-तीस मिनिटं मोठ्याने वाचत राहा. पहिले दोन-तीन दिवस रडू येईल. मग तोच मजकूर हळूहळू नुसता मजकूर होतो. पण नुकतंच कोणी जवळचं गेलं असेल, एखाद्या अपघाताच्या किंवा हिंसेच्या आठवणी पाठ सोडत नसतील, किंवा मन खोल उदास असेल, तर हा भाग एकट्याने करू नका, थेरपिस्टच्या सोबतीने करा. दुःख ही भीती नव्हे. त्याला सराव लागत नाही, वेळ आणि माणसं लागतात.

दिवसभर डोकावणाऱ्या विचारांसाठी आणखी एक साधी युक्ती आहे. रोज संध्याकाळी, झोपायच्या बरंच आधी, वीस मिनिटं चिंतेसाठी राखून ठेवा. दिवसा विचार आला की दोन शब्दांत टिपा आणि "साडेसहाला बघू" म्हणून हातातल्या कामाला लागा. साडेसहाला खरंच बसा. अर्ध्याअधिक नोंदींवर विचार करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हातात आहे ते उरकून टाका

मागे राहणाऱ्यांची काळजी ही भीतीची सर्वांत शहाणी बाजू आहे, तिला गप्प बसवू नका. मृत्युपत्र करा. बँक, विमा, कर्ज, पासवर्ड यांची नोंद एका जागी ठेवा आणि ती जागा दोन माणसांना सांगा. स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसाल तर उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे, कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे लिहून ठेवा. याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा वकिलाला विचारूनच करा.

कागदापेक्षा बोलणं कठीण असतं. मी आईला एका दुपारी विचारलं, "शेवटी तुला कसं हवंय?" ती उखडलीच. "काय हे अभद्र बोलणं!" मी विषय सोडला. दोन दिवसांनी वाळलेले कपडे काढताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते परवा विचारत होतीस ना. मला नळ्या नकोत. आणि खिडकी उघडी ठेवा." मी हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिले. एवढंच बोलणं झालं. पण तिच्या मरणाच्या माझ्या भीतीतला एक मोठा तुकडा त्या दुपारी निखळला, कारण आता मला निदान काय करायचं ते माहीत होतं. तेव्हा पहिल्या नकाराने खचू नका. बी पडू द्या. हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना माणसं जास्त बोलतात.

लहान मुलं हा प्रश्न आपल्याआधी विचारतात. पाच ते सात वर्षांच्या सुमारास त्यांना कळायला लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही आणि हे सगळ्यांच्या बाबतीत घडतं. "आजोबा झोपले" किंवा "लांब गेले" असं सांगू नका. मूल झोपेला घाबरायला लागतं, नाहीतर वाट बघत बसतं. "आजोबांचं शरीर काम करायचं थांबलं, ते आता परत येणार नाहीत," असं साध्या शब्दांत सांगा. "तू पण मरशील?" असं विचारलं तर: "हो, सगळेच मरतात. पण बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात, आणि तुझी काळजी घ्यायला किती माणसं आहेत बघ." मग ती माणसं नावानिशी मोजून दाखवा.

राहून गेलेलं

त्या दहा ओळींमध्ये "अजून मी काहीच केलं नाही" अशा अर्थाचं काही आलं असेल तर ते वेगळं काढा. अर्विन यालोम या मनोविकारतज्ज्ञांचं एक निरीक्षण आहे की आयुष्य जितकं न जगलेलं, तितकी मरणाची धास्ती मोठी. मलाही हे पटतं, पण त्यातून लगेच जग फिरून यायची यादी करायला बसू नका. बहुतेकांचं राहून गेलेलं लहान असतं: एक माफी, एक भेट, एक तोडलेलं नातं, रोजचा मोकळा अर्धा तास. या महिन्यात करता येईल अशी एकच गोष्ट निवडा आणि तारीख घाला. यालोम आणखी एक गोष्ट सांगतात, तरंगांची. पाण्यात खडा पडून बुडतो, पण तरंग पसरत राहतात, तसं आपलं वागणं दुसऱ्यांत उतरून पुढे जात राहतं. माझ्या त्या मावसबहिणीची कागदाची घडी घालायची एक खास पद्धत होती. ती माझ्या हातात आली, आता माझ्या मुलीच्या हातात आहे. मुलीला तिचा चेहराही आठवत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं

भीतीमुळे काम, झोप, खाणं किंवा नाती दोन-चार आठवड्यांहून जास्त बिघडली असतील, तुम्ही घराबाहेर पडणं टाळत असाल, तपासण्यांचा ढीग साचत असेल, किंवा झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पॅनिक (भीतीचे अचानक येणारे झटके), आजारपणाची सततची चिंता, ओसीडी (नको असलेले विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केलेल्या कृती), नैराश्य यांच्या पोटात मरणाची भीती पुष्कळदा दडलेली असते आणि या सगळ्यांवर उपचार आहेत. गोळ्या दिल्या तर त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून आठवड्यात बंद करू नका. आणि लगेच गुंगी आणणाऱ्या गोळ्या मनाने, जास्त दिवस घेऊ नका, त्यांची सवय लागते. मरणाची भीती वाटणाऱ्यालाही कधी कधी जगणं नकोसं होतं. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर वाट बघू नका, आजच कोणालातरी सांगा, हेल्पलाइनला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा.

पहिल्या भेटीत काय बोलावं हे सुचत नाही, म्हणून कागद घेऊन जा. झटके कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, त्या वेळी शरीरात काय होतं, कोणत्या तपासण्या झाल्या, कोणत्या गोळ्या चालू आहेत, तुमच्या पळवाटा कोणत्या, आणि त्या दहा ओळी. लाज वाटली तर कागद नुसता त्यांच्यासमोर सरकवा. मी तसंच केलं होतं. डॉक्टरीण बाईंनी आठव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथून सुरुवात करू."